बार न उडाल्यावरचं एक मिनिट

बंदूक पुरती बंद पडली तर माणूस तिला मुकाट्यानं कारागिराकडे नेतो. पण एखादाच बार चुकला आणि पुढचा नीट उडाला, की ‘होतं असं कधीमधी’ म्हणून तो विषय तिथंच सोडून देतो. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या आसपास शेतसंरक्षणाचा परवाना असलेल्या बहुतेकांच्या तोंडी मी हेच ऐकलंय. मला हे मुळीच पटत नाही. कधी उडणारी आणि कधी न उडणारी बंदूक बंद पडलेल्या बंदुकीहून जास्त धोक्याची असते, कारण तिच्यावर आपला अर्धा विश्वास अजून शिल्लक असतो.

आमची बंदूक वडिलांच्या काळातली. एकनळी, बारा बोअरची, घोडा बाहेरून दिसणारी. १९५९च्या शस्त्र कायद्यानं पीक राखायला मुळात ठासणीची बंदूक धरली होती. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच काडतुसाची मिळे. आमच्या शिवारात मोसंबीच्या बागा, तूर, हरभरा. रात्री डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला की सकाळी जमीन नांगरल्यासारखी दिसते, आणि रोही तुरीचे शेंडे खुडत अख्खी तास फिरून जातात. आम्ही बार काढतो तो हाकलायला, मारायला नव्हे. वन्यजीव कायद्यानं वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही, आणि नुकसानीसाठी त्याच खात्याकडे अर्ज करता येतो.

२०२४ साली दोन निवडणुका झाल्या. जालन्यात लोकसभेचं मतदान १३ मेला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. जमा करायच्या आदल्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती मायेनं पुसली, गंज चढू नये म्हणून सगळीकडे तेल सोडलं. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या तेलात होतं, पण ते कळायला बराच वेळ गेला.

डिसेंबरातली रात्र होती, थंडी चांगलीच पडलेली. हरभऱ्यात सळसळ झाली. मी मुरमाच्या उंच बांधाकडे नळी धरली आणि चाप ओढला. घोडा पडला, ‘खट्’ झालं, बार नाही. चुलतभाऊ बॅटरी घेऊन शेजारी उभा होता. तो लगेच पुढं सरकत म्हणाला, “दादा, खोला की, बघू काय झालं ते.” मी म्हटलं, “मागं हो आधी. माझ्या मागं ये.” तो नळीच्या तोंडाच्या बाजूनं पुढं येत होता.

हीच वेळ सगळ्यात नाजूक. काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर घोड्याचा मार बसल्यावर आतली दारू कधीकधी उशिरा पेट घेते. क्षणभराचा उशीर असतो, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात बंदूक मोडून उघडली तर काडतूस पाठीमागून फुटतं, तोंडासमोर. म्हणून बार चुकला की नळी आहे त्याच सुरक्षित दिशेला धरून ठेवायची. घोडा पुन्हा चढवून बघायचा नाही. काही जण अर्धं मिनिट पुरे म्हणतात, मी पूर्ण एक मिनिट सांगतो. रात्री, रागात, पिकात जनावर असताना ते फार लांब वाटतं. तरी थांबायचं. मग तोंड बाजूला ठेवून बंदूक उघडायची, काडतूस काढून वेगळ्या खिशात ठेवायचं आणि ते पुन्हा कधीही भरायचं नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे नेहमीच्या दणक्याऐवजी नुसतं ‘फुस्स’ होणं. बार गेला असं वाटतं, पण काडतुसातली डाट नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार काढला तर नळी फाटते, आणि डावा हात तिथंच असतो. फुसका आवाज आला की तेवढंच थांबून बंदूक रिकामी करायची आणि मागच्या बाजूनं नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं. दिसला नाही तर त्या रात्रीपुरती बंदूक बंद.

गावात सगळ्यांचं निदान एकच: काडतुसं सर्दली. मलाही ते आधी खरं वाटावं असंच होतं. पण त्याच खोक्यातली काडतुसं दुपारी उन्हात एकही न चुकता उडाली, आणि पहाटेच्या गारठ्यात पुन्हा ‘खट्’. सर्दलेलं काडतूस वेळ बघून रुसत नाही. मग चुकलेली काडतुसं उजेडात ओळीनं ठेवून टोप्यांकडे बघितलं, आणि निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

टोपीवरचा खड्डा वाचता आला पाहिजे. खड्डा खोल आणि बरोबर मध्यावर असेल, तरी बार उडाला नसेल, तर संशय काडतुसावर घ्यावा: टोपी सर्दली, जुनी झाली किंवा तिच्यात तेल मुरलं. खड्डा उथळ असेल तर दोष बंदुकीचा. घोड्याची स्प्रिंग थकलेली असते, टोपीवर आदळणारी पिन झिजलेली किंवा तिच्या भोकात घाण साठलेली असते, नाहीतर नळीचा सांधा इतका सैल झालेला असतो की काडतूस मार खाऊन पुढं सरकतं आणि अर्धा जोर वाया जातो. खड्डा एका बाजूला असेल तर सांधा किंवा पिन तपासून घ्यावी. खड्डाच नसेल तर बहुधा पिन तुटली. आमच्या टोप्यांवर खड्डा मध्यावर होता, पण नुसता ओरखडल्यासारखा.

शहरातल्या परवानाधारक कारागिरानं पिन काढली तेव्हा तिच्याभोवती मेणबत्तीच्या मेणासारखा पांढरट थर होता. त्यानं नखानं तो खरवडला, बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाला, “खोबरेल आहे हे.” खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. मराठवाड्याच्या हिवाळ्यात रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, दुपारी वर चढतो. रात्री पिन त्या थरात रुतून टोपीला जेमतेम टेकायची, दुपारी तेल पातळ झालं की सुटी होऊन नीट मारायची. बिघाड अधूनमधून का होतो, हे एवढ्यानं उलगडलं. त्यानं भोक साफ केलं, पिन कोरडी बसवली, आणि स्प्रिंगही जुनी होती म्हणून बदलली.

निजामाच्या राजवटीतल्या काही जुन्या घरांत दस्त्याखालची कडी खालीवर करून काडतूस भरायच्या विंचेस्टर पद्धतीच्या रायफलीही होत्या. त्यांतही पिनचं आणि स्प्रिंगचं दुखणं हेच, पण भर एका गोष्टीची: कडी शेवटपर्यंत मिटली नाही तर नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट पूर्ण बसत नाही. मग काही नमुन्यांत घोडा पडतच नाही, काहींत पडतो पण त्याचा जोर बोल्ट पुढं ढकलण्यातच खर्च होतो. काही जुन्या नमुन्यांत मुख्य स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू असतो, तो सैल झाला तरी खड्डा उथळ येतो. अशी रायफल कोणाकडे असेल तर या दोन जागा आधी दाखवून घ्याव्यात.

काडतुसांचंही थोडं सांगतो. ती पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या पोत्याशेजारी ठेवू नका. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. घरात, कोरड्या घट्ट डब्यात, कुलपात ठेवा. जुन्या कागदी काडतुसांचं अंग फुगलं असेल तर ती नळीत कोंबू नका. काडतुसाला तेलाचा हात लावू नका. चुकलेली आणि मुदतीपलीकडची काडतुसं विहिरीत टाकणं किंवा पुरणं हा उपाय नव्हे. परवानाधारक विक्रेत्याला किंवा ठाण्यात विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करा.

आणि बंदूक गावातल्या लेथवाल्याकडे नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. शस्त्र दुरुस्त करायला कायद्यानं वेगळा परवाना लागतो; तो नसलेल्याकडे बंदूक दिली तर दोघंही अडचणीत येतात. नेताना ती रिकामी, म्यानात, परवाना सोबत. जमा करण्याआधी तेल लावायचंच असेल तर बंदुकीचं पातळ तेल नळीला बाहेरून आणि आतून, फडक्यानं पुसून घेतलेलं. पिनच्या भोकात थेंबही नाही. ठाण्यातून परत आली की पहिला बार रानात काढायचा नाही. आधी रिकाम्या बंदुकीची पिन मोकळी पुढं येते का, मागं जाते का, हे कारागिराकडून गारठ्याच्या सकाळी बघून घ्यायचं, दुपारी नव्हे.