भ्रमणध्वनी: बोलण्याच्या यंत्रापासून गणनयंत्रापर्यंत

कोलकाता शहराच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. एके काळी तेथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. 1962 पासून हुगळी नदीच्या तळचा गाळ नळांवाटे आणून ती भरून काढण्यात आली आणि त्या भरावावर आजचे विधाननगर उभे राहिले. ह्या नगराचा पाचवा विभाग ‘सेक्टर फाइव्ह’ ह्या नावाने ओळखला जातो. संगणकाशी संबंधित असलेल्या अनेक लहानमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या तेथे आहेत.

सायंकाळी कचेऱ्या सुटल्या की येथील मेट्रो स्थानकावर एकच गर्दी होते. 22 ऑगस्ट 2025 पासून ही गाडी हुगळीच्या पात्राखालून थेट हावडा मैदानापर्यंत सलग धावू लागली आहे. तिच्या डब्यात उभे राहून सभोवार पाहिले तर जवळजवळ प्रत्येकाच्या हातात काचेची एक चपटी पाटी दिसते. कोणी तीवर चित्रपट पाहत असतो, कोणी बुद्धिबळ खेळत असतो, कोणी कचेरीतील राहिलेला हिशेब पुरा करीत असतो. कानाला यंत्र लावून बोलणारा मात्र एखादाच आढळतो.

मराठीने ह्या यंत्रास ‘भ्रमणध्वनी’ असे नाव दिले. नाव सुबक आहे, पण ते यंत्राच्या पहिल्या कामावरून पडलेले आहे. हिंडता हिंडता बोलता यावे एवढाच त्या काळी त्याचा उपयोग होता. बोलण्यासाठी निर्माण झालेले यंत्र करमणुकीचे आणि गणनाचे साधन कसे झाले, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे. त्यात मागाहून एक संगणक बसविला गेला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही.

वर सांगितलेल्या मेट्रोच्या मार्गावर महाकरण नावाचे एक स्थानक आहे. महाकरण म्हणजे रायटर्स बिल्डिंग. पश्चिम बंगालच्या राज्यकारभाराचे ते पूर्वीचे मुख्य ठाणे. 31 जुलै 1995 रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तेथून दिल्लीच्या संचार भवनात असलेले केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. भारतातील भ्रमणध्वनीसेवेचा तो आरंभ होय. त्या वेळी मिनिटभराच्या संभाषणास वेळेनुसार साधारणतः 8 ते 16 रुपये पडत आणि आलेला फोन घेणाऱ्यासही पैसे मोजावे लागत. घंटा वाजवून फोन ठेवून द्यावयाचा आणि त्यावरून निरोप ओळखावयाचा, ही ‘मिस्ड कॉल’ची युक्ती आपल्याकडे रूढ झाली तिचे मूळ ह्या महागाईत आहे. आलेल्या फोनचा आकार 1 मे 2003 पासून बंद झाला.

भ्रमणध्वनीचा जन्म अर्थातच त्यापूर्वीचा. 3 एप्रिल 1973 रोजी न्यू यॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर ह्या अभियंत्याने हातात धरावयाच्या यंत्रावरून पहिला फोन केला. त्या यंत्राचे वजन एक किलोग्रॅमहून अधिक होते. 1983 साली ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत 3,995 डॉलर होती आणि त्यावर अर्धा तास बोलता येई. परंतु हे यंत्र आजच्या भ्रमणध्वनीचे खरे पूर्वज नव्हे. तो एक लहानसा रेडिओ होता. बोलणाऱ्याच्या आवाजाचे चढउतार तो विजेच्या चढउतारांच्या रूपाने जसेच्या तसे पाठवीत असे. त्यात मोजणे नव्हते.

मोजणे आले ते अडचणीमुळे. रेडिओलहरींचा जो पट्टा सरकार एखाद्या कंपनीस वापरावयास देते तो मर्यादित असतो आणि बोलणारे तर लाखो. शहराचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकात एक मनोरा उभारला, तर तीच लहर दूरच्या भागात पुन्हा वापरता येते. तरीही हे पुरेना. तेव्हा युरोपातील तज्ज्ञांनी आवाजाचे आकड्यांत रूपांतर करावयाचे ठरविले. ‘जीएसएम’ नावाची ही पद्धत 1991 मध्ये फिनलंडमध्ये प्रथम सुरू झाली, आणि कलकत्त्यास 1995 मध्ये आली ती हीच.

ह्या पद्धतीचे मर्म नीट समजून घ्यावयास हवे. मनुष्याच्या आवाजाची उंची दर सेकंदास 8,000 वेळा मोजली आणि प्रत्येक मोजमाप 8 बिटांत लिहिले, तर दर सेकंदास 64,000 बिट होतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक ह्यांपैकी एक चिन्ह. इतके बिट पाठवावयास लहरीत जागा नव्हती. म्हणून एक चतुर मार्ग काढण्यात आला. आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापावयाचा. त्या क्षणी बोलणाऱ्याचा घसा व तोंड ह्यांची पोकळी कशा आकाराची असली पाहिजे ह्याचा गणिताने अंदाज करावयाचा. आणि मुख्यतः तो अंदाज व त्यात न बसणाऱ्या उरलेल्या भागाची खूण एवढेच 260 बिटांत पाठवावयाचे. पलीकडचे यंत्र त्या वर्णनावरून आवाज पुन्हा घडविते. 260 गुणिले 50 म्हणजे 13,000. मूळच्या 64,000 चा हा जेमतेम पाचवा हिस्सा झाला. कानाशी येणारा आप्ताचा आवाज हा काही अंशी त्याच्या आवाजाची नव्याने केलेली घडण असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

सेकंदास पन्नास वेळा हे गणित सोडवावयाचे, तेही दोन्ही दिशांचे आणि बोलण्यात खंड पडू न देता! त्यासाठी हातातील यंत्रात एक वेगवान गणनयंत्र असणे भागच होते. म्हणजे संगणक भ्रमणध्वनीत मागाहून शिरलेला नाही. रायटर्स बिल्डिंगमधील पहिल्या संभाषणाच्या वेळीही तो आत होता. केवळ तो आवाजाच्या चाकरीस जुंपलेला होता. आणि एकदा आवाज आकड्यांत बसला की चित्र, गाणे, नकाशा, पत्र ह्यांनाही तीच वाट मोकळी होते. कारण आकड्यास आपण कशाचे आहोत हे ठाऊक नसते.

त्या छोट्या पेटीत हे सामर्थ्य मावले कसे, ह्याची कल्पना एका तुलनेने येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 मध्ये कार्य करू लागला. त्यात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या स्मृतीत 40 बिटांचे 2,048 शब्द मावत, म्हणजे एकूण 81,920 बिट. आज भ्रमणध्वनीने काढलेले एक साधे छायाचित्र 30 लक्ष बाइटांचे असते. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर ते एकच छायाचित्र साठविण्यास जवळजवळ 300 टिफ्रॅक लागले असते! नलिकेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि मग असे ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकड्यांनी, पुढे कोट्यवधींनी कोरता येऊ लागले. 1971 च्या एका प्रसिद्ध चकतीवर ते सुमारे 2,300 होते. 2023 मधील भ्रमणध्वनीच्या एका चकतीवर त्यांची संख्या 1,900 कोटींवर गेली.

संभाषण चालू नसताना हे गणनयंत्र रिकामेच असे. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो लेखी निरोपासाठी. 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये असा पहिला निरोप धाडला गेला. एका निरोपास 140 बाइटांची, म्हणजे 1,120 बिटांची जागा ठरली होती. रोमन अक्षरास 7 बिट पुरत, म्हणून निरोपात 160 अक्षरे बसत. देवनागरीची चिन्हे त्या कोष्टकात नव्हती. त्यांना युनिकोड पद्धतीने प्रत्येकी 16 बिट द्यावे लागले. साहजिकच मराठी निरोपास 70 चिन्हांचीच मर्यादा पडली. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व वेगळी मोजली जातात. ‘शुभेच्छा’ हा शब्द वाचकास तीन अक्षरांचा दिसतो. यंत्रास तो आठ चिन्हांचा आहे. मराठी माणसे आपली मराठी रोमन लिपीत का लिहू लागली, ह्याची कारणे अनेक असतील. पण प्रारंभीच्या यंत्रांत देवनागरी कळफलकच नसे आणि असला तरी निरोप दुप्पट महाग पडे, ही कारणे लहान नव्हेत.

करमणूक त्यामागून आली. 1997 मध्ये नोकिया कंपनीच्या एका यंत्रात सापाचा खेळ दिला गेला आणि मनुष्य गाडीची वाट पाहताना खिशातून फोन काढू लागला, फोन करावयाचा नसतानाही! 2000 साली जपानमध्ये छायाचित्र काढून पाठविणारा फोन विकावयास आला. त्याचे चित्र लक्षभर ठिपक्यांचेच होते. गाण्यांचे तसेच. नखाएवढ्या स्मृतिपत्रकात शेकडो गाणी मावू लागली, आणि थोडे पैसे घेऊन ती भरून देणारी दुकाने बाजारपेठांतून निघाली. कॅसेट, कॅमेरा, मनगटी घड्याळ, गजराचे घड्याळ, विजेरी, हिशेबयंत्र ह्यांपैकी प्रत्येक वस्तूच्या व्यापाऱ्यास ह्या एका यंत्राने धास्ती घातली.

तरीही बटणांमुळे एक अडचण राहिली होती. बटण एकदा बसविले की त्याचे काम बदलता येत नाही. स्पर्शाने चालणारा पडदा असलेला ‘सायमन’ नावाचा फोन आयबीएम कंपनीने 1994 मध्ये काढला होता, पण तो काळाच्या आधी जन्मला. 2007 मध्ये ॲपल कंपनीच्या आयफोनने बटणे जवळजवळ काढूनच टाकली. त्याच्या काचेवर विद्युत्‌वाहक द्रव्याचा पारदर्शक थर असतो. मनुष्याचे बोटही वाहक असल्यामुळे ते टेकताच त्या जागेचा विद्युद्‌भार किंचित बदलतो आणि यंत्रास स्पर्शाची जागा कळते. नख टेकविले किंवा हातात लोकरी मोजा असला तर पडदा दाद देत नाही, ह्याचे कारण हेच. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. पडद्यावर हवी ती बटणे चितारता येऊ लागल्यावर यंत्राचे रूप कार्यक्रमागणिक बदलू लागले. पुढच्याच वर्षी बाहेरच्या कोणाही कारागिराने लिहिलेले कार्यक्रम त्यात घालण्याची सोय झाली, आणि अँड्रॉइड प्रणालीचे पहिले यंत्रही त्याच वर्षी आले.

आता उरली ती वाहतुकीची गोष्ट, आणि तेथे पुन्हा कोलकात्याचे नाव येते. 10 एप्रिल 2012 रोजी एअरटेल कंपनीने देशातील पहिली चौथ्या पिढीची सेवा, म्हणजे ‘फोर-जी’, ह्याच शहरात सुरू केली. तोपर्यंत जाळे आवाजासाठी बांधलेले असे आणि माहिती त्यात पाहुण्यासारखी राही. संभाषण चालू असेपर्यंत एक वाट राखून ठेवावयाची, ही तारेच्या टेलिफोनच्या काळापासूनची रीत होती. चौथ्या पिढीत अशी राखीव वाट मुळी नाहीच. सर्व काही पत्ता लिहिलेल्या लहान लहान पुडक्यांनी जाते. 2016 मध्ये जिओ कंपनीने देशभर केवळ हीच पद्धत वापरून सेवा सुरू केली, तेव्हा माणसाचे बोलणेही त्या पुडक्यांतून जाऊ लागले. आवाज हाच आता माहितीच्या घरी पाहुणा झाला.

हे यंत्र एका माणसाचे एक अशा कल्पनेने घडविलेले आहे. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ भ्रमणध्वनीवरून होऊ लागले, तेव्हा ही कल्पना किती घरांना लागू नाही ते दिसून आले. दोन-तीन भावंडे आणि घरात फोन एक, तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात. अशा घरातील मूल सायंकाळपर्यंत वर्गाबाहेरच राहिले.

दुसरी एक गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फोन येताच तो पोहोचविता यावा म्हणून आपण कोणत्या भागात आहोत हे यंत्रास अधूनमधून मनोऱ्यास कळवावेच लागते. पुढे उपग्रहांच्या संकेतांवरून ते स्वतःची जागा काही मीटरांपर्यंत अचूक काढू लागले. नकाशा वाट दाखवितो तो ह्याच ज्ञानावर. आणि यंत्रातील कार्यक्रमांना परवानगी दिली की हेच ज्ञान परक्या कंपन्यांच्या हाती जाते.

बोलण्यास सेकंदाला 13,000 बिट पुरत होते. स्वच्छ हलते चित्र पाहावयाचे तर सुमारे 50 लक्ष बिट लागतात, म्हणजे चारशे माणसांच्या बोलण्याइतके. मेट्रोच्या एका डब्यात असे शंभर प्रेक्षक असले तर जुना लहरींचा पट्टा अपुरा पडावा, ह्यात नवल नाही. रुंद पट्टा मोकळा सापडतो तो अधिक आखूड लहरींत. म्हणून 2022 च्या लिलावात पाचव्या पिढीसाठी 26 गिगाहर्ट्‌झचा पट्टाही विकण्यात आला. त्याची लहर सुमारे 11 मिलिमीटर लांबीची. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास ह्याच शहरात 5 मिलिमीटरइतक्या आखूड लहरी निर्माण करून त्यांचे गुणधर्म तपासले होते. त्यांनी स्थापिलेल्या संस्थेची एक वास्तू आज सेक्टर फाइव्हमध्येच आहे. इतक्या आखूड लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. भिंत आड आली, इतकेच काय नुसता हात आड आला तरी त्या अडतात. त्यामुळे त्यांच्यासाठी मनोरे थोड्या थोड्या अंतरावर, दिव्यांच्या खांबांप्रमाणे उभारावे लागतात.