चार्जिंगची पिन उखडली तर

मावशीचा रेडिओ माझ्याकडे आला तेव्हा त्याची चार्जिंगची पिन बोर्डावर नव्हती, वेगळ्या पुडीत बांधून दिली होती. पहाटेच्या भजनांवर आणि बातम्यांवर तिचा दिवस सुरू होतो, म्हणून तिने तो लगेच घराजवळच्या दुकानात टाकला होता. तिथल्या मुलाने सैल झालेली पिन काढताना सोल्डर पुरतं वितळायच्या आतच पक्कडीने ओढली. पिनेबरोबर बोर्डावरचं तांबं उपटून आलं आणि "बोर्ड गेला, नवा रेडिओ घ्या" असं सांगून त्याने पुडी हातात दिली.

बोर्ड गेलेला नव्हता. अशा वेळी चांगल्या वस्तू भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुळात पिन बदलायची गरज आहे का, हे आधी बघा. मायक्रो यूएसबीची रचनाच अशी आहे की झीज सॉकेटऐवजी, म्हणजे या पिनेऐवजी, केबलच्या टोकाची व्हावी. धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या टोकात असतात. म्हणून आधी दुसरी, खात्रीची केबल लावावी. सॉकेटच्या तोंडात खिशातला कापूस-धूळ बसली असेल तर वस्तू बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढावी. पिन बोटाने हलत असेल, तरच सोल्डरिंगचा विषय.

बोर्ड उघडल्यावर पहिलं काम बॅटरी सोडवण्याचं. लाल आणि काळी तार एकाच झटक्यात कधीही कापू नका. कटरचं पातं दोन्ही तारा जोडतं आणि लिथियम सेल तिथेच शॉर्ट होतो. एक तार कापा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मगच दुसरी.

आता तांब्याबद्दल. बोर्डावरचा तांब्याचा थर साधारण 35 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि तो नुसता राळेने चिकटवलेला असतो. जास्त वेळ आच लागली की ती पकड सुटते. कारखान्यात वापरलेलं शिसेविरहित सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळतं, तर आपल्याकडे मिळणारं 63-37 शिशाचं सोल्डर 183 अंशांना. म्हणून जुन्या जोडांवर आधी फ्लक्स लावून हे नवं सोल्डर सढळ हाताने मिसळावं. मिश्रण लवकर वितळतं आणि सगळे पाय एकदम मोकळे होतात. हॉट एअर असेल तर आजूबाजूला कॅप्टॉन टेप लावून पिन गरम करावी. चिमट्याने नुसतं टेकवल्यावर ती सरकली पाहिजे. ओढावं लागतंय, म्हणजे कुठला तरी पाय अजून घट्ट आहे.

मावशीच्या रेडिओत 5 व्होल्टचं पॅड ट्रॅकच्या तुकड्यासकट गेलं होतं. मायक्रो यूएसबीला पाच संपर्क असतात. पहिला 5 व्होल्टचा, पाचवा ग्राउंडचा, मधले तीन डेटा आणि ओळखीचे. नुसत्या चार्ज होणाऱ्या अशा साध्या वस्तूचं मधल्यांवाचून सहसा अडत नाही. भिंगाखाली उरलेला ट्रॅक शोधला तर तो एका छोट्या कपॅसिटरच्या टोकाला जात होता. मीटर बीपवर ठेवून कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला वाजतं का ते पाहिलं. वाजलं. जंपर तार टाकायची जागा मिळाली.

नव्या पिनेचा 5 व्होल्टचा पाय कुठला, हे अंदाजाने ठरवू नये. एका जुन्या केबलचं आवरण मध्येच सोलून लाल-काळ्या तारा किंचित उघड्या केल्या, चार्जर लावून 5 व्होल्ट मोजून घेतले, कारण स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो. मग चार्जर काढून केबल नव्या पिनेत खोचली आणि लाल तारेपासून कुठला पाय बीप देतो ते बघितलं. त्या पायापासून कपॅसिटरपर्यंत इनॅमलची तार टाकली, टोकांवरचं इनॅमल खरवडून. प्रवाह 1 अँपियरपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा फार बारीक तार घेऊ नये.

पिनेची ताकद तिच्या पत्र्याच्या कवचाच्या पायांत असते, त्या पाच संपर्कांत नव्हे. बोर्डाला आरपार भोकं असतील तर आरपार पायांचीच पिन घ्यावी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाताना जुनी पिन सोबत न्या. पायांतलं अंतर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सोल्डर झाल्यावर कवचाच्या दोन्ही बाजूंना थोडं अॅराल्डाइट लावलं, तोंडात जाणार नाही असं बघून. हॉट ग्लू मला पटत नाही, तो उष्णतेने मऊ होतो.

हीच संधी साधून टाइप-सी बसवायचं मनात असेल, तर तिच्या सीसी नावाच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला स्वतंत्र 5.1 किलोओहमचे रेझिस्टर द्यावे लागतात. ते नसले तर दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जर व्होल्टेजच सोडत नाही, आणि माणूस आपलं सोल्डरिंग कच्चं समजून पुन्हा पुन्हा उकरत बसतो.

चार्जर लावण्याआधी 5 व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांत वाजत नाहीत, एवढं तपासाच. बॅटरी जोडताना लाल-काळं दोनदा बघा. उलटी लागली तर चार्जिंगची आयसी क्षणात जळते. पहिलं चार्जिंग समोर बसून करा, अधूनमधून पिनेला बोट लावून बघा, चटका बसत असेल तर लगेच बंद करा. शेवटी सेलवर मीटर धरा. नेहमीच्या लिथियम-आयन सेलला 4.2 व्होल्टवर थांबलं पाहिजे. आकडा त्यापुढे चढत राहिला, तर तो बोर्ड पुन्हा त्या सेलला जोडू नका.