बाळाची हालचाल : उदरात व अंगणात

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे तांब्याच्या भांड्यांवर हातोड्यांचे ठोके पडतात. पाहुण्याचे कान किटतात, राहणाऱ्यास सवय होते. अशा आळीतील गर्भवतीच्या उदरातील बाळासही सुमारे सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि एकाएकी मोठा आवाज झाला म्हणजे ते दचकून हालते.

परंतु हालचालीचा आरंभ याहून पुष्कळ आधी होतो. शेवटच्या पाळीपासून मोजले असता सातव्या-आठव्या आठवड्यातच गर्भ हलू लागतो. तेव्हा त्याची लांबी बोटाच्या पेराएवढीही नसते. पुढे तो हातपाय ताणतो, जांभई देतो, अंगठा चोखतो, श्वासाचा सरावही करतो. आईस हे कळते ते सोळा ते वीस आठवड्यांच्या सुमारास, पहिलटकरणीस थोडे उशिराच. अलीशिबेच्या उदरात बाळाने उडी मारली तीही सहाव्या महिन्याच्या सुमारास. हा वृत्तांत आमच्या बायांस समजावून सांगावा लागत नाही.

ही हालचाल नुसता खेळ नव्हे. तिच्यावाचून सांधे आखडतात, आणि हाडे व फुप्फुसे यांची वाढही नीट होत नाही. म्हणून एका गैरसमजाविषयी स्पष्ट लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते. दिवस भरत आले की बाळ शांत होते, असे पुष्कळ घरी सांगतात. हे खरे नव्हे. जागा अपुरी पडल्याने कोलांट्या थांबून वळवळ व रेटा सुरू होतो, पण हालचाल कमी होत नाही. अट्ठाविसाव्या आठवड्यानंतर ती मंदावल्यासारखी वाटली, तर आईने डाव्या कुशीवर निजून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा वेळाही बाळ हलले नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. हालचाल अजिबात जाणवत नसेल, तर मोजत न बसता निघावे. ‘उद्या पाहू’ असे म्हणणारी वडीलधारी माणसे प्रेमाचीच असतात, पण त्या उद्याने कित्येक पाळणे रिकामे राहिले आहेत.

जन्मानंतर क्रम ठरलेला असतो : आधी मान, मग पाठ व कंबर, शेवटी पाय. वेळ मात्र ज्याची त्याची. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहून 2006 साली जे प्रसिद्ध केले, त्यात स्वतंत्र चालण्याचा काळ सुमारे आठ ते साडेसतरा महिने असा निघाला. काही मुले तर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारणीचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या सुनेस बोल लावू नये. चार महिने होऊनही मान धरत नसेल, नऊ महिने होऊनही बसत नसेल, अठरा महिने होऊनही चालत नसेल, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ दोन महिने मागे असणारच. तरीही त्याच्यावर नजर हवी. कसब्यापासून फार दूर नसलेल्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाने 1987 ते 1989 या काळातील दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. हात व डोळे यांचा मेळ घालण्यात ही मुले बरोबरीच्यांहून मागे पडत, असे दिसून आले. एवढी वर्षे तीच मुले पुन्हा पुन्हा बोलावून तपासणे हे धीराचे काम होय.

घरी करण्याजोगे थोडेच आहे. बाळास निजवावे उताणे, पण जागे असता आपल्या नजरेसमोर पालथे घालावे. दिवसभर झोळीत ठेवल्यास त्याने मान उचलावी कधी? तेल लावताना सांधे ओढू नयेत. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बाळ स्वतः उभे राहून ढकलते, तो सपाट अंगणात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली चालेल. बाजारात मिळणारा, मध्ये बाळास बसवायचा चाकांचा गाडा मात्र आणू नये. तो उंबऱ्यावरून व पायऱ्यांवरून उलटतो, चुलीपाशी पोहोचतो, आणि त्याने चालणे लवकर येतही नाही. कॅनडाच्या सरकारने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.