उत्पादक संघाचे संकेतस्थळ उपयोगी कसे करावे?



भाताची झोडणी उरकली, पोती घरात आली की विक्रीचा प्रश्न उभा राहतो. भोर-वेल्हे भागातील इंद्रायणी तांदळाला पुण्यात चांगली मागणी आहे. त्यातून शिवरे हे तर पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. महामार्गाने भोर किंवा वेल्ह्याकडे निघालेले गिऱ्हाईक येथूनच पुढे जाते आणि त्याच्या हातात मोबाइल असतो. या गिऱ्हाइकाने 'इंद्रायणी तांदूळ, भोर' असे शोधले तर त्याला कोण दिसेल? बहुधा दुकानदार. उत्पादकांचा संघ जवळ असूनही दिसत नाही आणि मधला नफा दुसरीकडे जातो.

पुष्कळ संघांनी हौसेने संकेतस्थळे काढली आहेत. परंतु उघडून पाहिले तर उद्घाटनाचा समारंभ, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि केव्हाचा तरी भाव एवढेच हाती लागते. छायाचित्रे नकोत असे नाही. ती शेवटच्या पानावर बरी दिसतात. पहिल्या पानावर गिऱ्हाइकाच्या प्रश्नांची उत्तरे हवीत.

तांदळाची माहिती कशी द्यावी

'उत्तम प्रतीचा, सुवासिक तांदूळ' असे सगळेच लिहितात, त्याने काही कळत नाही. तांदूळ घेणारी गृहिणी विचारते ते लिहावे. तांदूळ नवा की जुना? नव्या तांदळाचा भात अधिक चिकट होतो, सबब कोणत्या हंगामाचे भात आहे व ते कधी भरडले हे महिन्यासह द्यावे. हातसडीचा की पॉलिशचा, कणीचे प्रमाण किती, पिशवी किती किलोची, भाव काय आणि तो कोणत्या तारखेचा, अन्न परवाना क्रमांक कोणता, हेही लिहावे. वाणाची खरी ओळख द्यावी. इंद्रायणी हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला वाण असून तो १९८७ साली प्रसारित झाला. 'इंद्रायणी' या नावाखाली भलताच तांदूळ विकला जातो, तेव्हा ही चार वाक्ये आणि आपल्या खाचरांची खरी छायाचित्रे आपल्या मालाची बाजू मांडतात.

गुगलच्या नकाशावर संघाच्या गोदामाची नोंद करून घ्यावी. त्यास पैसे पडत नाहीत. उघडण्याची वेळ, फोन व वाट बरोबर असावी. बंद गोदामापुढून परत गेलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा

ही बाब लहान वाटते, पण नुकसान मोठे करते. छापखान्यातून आलेला मजकूर अनेकदा जुन्या फाँटमध्ये असतो, किंवा सूचनेच्या कागदाचा फोटोच चढवलेला असतो. असा मजकूर शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला तो सापडत नाही. तपासणी सोपी आहे. संकेतस्थळावरील एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवावी. ती जशीच्या तशी मराठीत उमटली तर ठीक. अगम्य चिन्हे आली, किंवा ओळ उचलताच आली नाही, तर मजकूर नव्याने टाइप करून घ्यावा. छायाचित्रेही आकाराने लहान करून टाकावीत. डोंगराआडच्या गावात जड पान उघडत नाही.

सभासदाला काय मिळते?

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे उदाहरण पाहा. 'द्राक्षवृत्त' मासिक, चर्चासत्रे, वार्षिक अधिवेशन यांतून सभासदाला बागेच्या कामाची माहिती मिळत आली आहे. वर्गणी भरण्यास माणूस तयार होतो तो अशा उपयोगामुळे. भात उत्पादकांच्या संघानेही हंगामाप्रमाणे चालावे. रोपवाटिकेच्या वेळी बियाण्याची उपलब्धता, लावणीनंतर कीड-रोगाच्या सूचना, काढणीनंतर भरडाईचे वेळापत्रक आणि भाव द्यावेत. वार्षिक सभेची सूचना व हिशेबपत्रकही संकेतस्थळावर ठेवावे. संघाबद्दलची कुजबुज त्याने बरीच कमी होते.

व्हॉट्सअ‍ॅप गटात २०२२ पासून १,०२४ जण सामावतात. परंतु सकाळच्या शुभेच्छांत कामाची सूचना वाहून जाते. म्हणून सूचनांचा गट वेगळा करून त्यात फक्त चालकांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था करावी. गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. गिऱ्हाइकांसाठी २०२३ मध्ये आलेले 'चॅनेल' बरे, तेथे अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. सभासदांची फोनसह यादी संकेतस्थळावर मुळीच टाकू नये. फेसबुकवर कोणाच्या खासगी खात्याऐवजी संघाच्या नावे 'पेज' काढावे, ते दोघा-तिघांना मिळून चालवता येते.

रोगाची सूचना देताना गाव, तारीख व पिकाची अवस्था लिहावी. उदाहरणार्थ, करपा असेल तर पानावरील दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्यभागी राखाडी ठिपक्यांचे जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे. औषधाचे प्रमाण मात्र कोठून तरी आलेल्या संदेशावरून पुढे पाठवू नये. विद्यापीठाची शिफारस व डब्यावरील लेबल पाहूनच ते लिहावे.

जबाबदारी कोणाची?

'सगळे मिळून बघू' म्हटले की कोणीच बघत नाही. लिहिण्याची आवड असलेल्या एका सभासदाकडे, मुलगा असो वा मुलगी, हे काम ठरावाने सोपवावे व थोडे मानधन द्यावे. आठवड्याचा एक वार ठरवून भाव आणि तारीख बदलावी, मग भाव तोच असला तरी.

डोमेनची नोंदणी संघाच्याच नावे व संघाच्याच ई-मेलवर असावी, संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे नको. त्याच्याशी बिनसले की पत्ताही हातचा जातो. परवलीचे शब्द बंद पाकिटात सचिवांकडे ठेवावेत आणि पदाधिकारी बदलताच तेही बदलावेत. नोंदणीची मुदत संपण्याची तारीख कार्यालयातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवावी.