देणगीसाठी धावायचंय? आधी खर्च मांडा

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो लोक धावतात आणि त्यातले बरेच जण एखाद्या सामाजिक संस्थेसाठी निधी गोळा करतात. ही शर्यत २००४ पासून भरते. २००९ पासून तिच्या देणगीची बाजू ‘युनायटेड वे मुंबई’ सांभाळते. यंदा आपणही उतरावं असं वाटत असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की करा : धावण्याचा खर्च तुमचा, देणगीचा पैसा संस्थेचा. हे दोन हिशेब कधीही एकत्र येऊ देऊ नका.

सर्वांत मोठा खर्च बुटांचा. बरे रनिंग शूज सहा ते नऊ हजारांत मिळतात, त्याहून महाग घ्यायची पहिल्या वर्षी गरज नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्यांचा तळ दबतो. अर्धमॅरेथॉनच्या, म्हणजे २१ किलोमीटरच्या सरावाला एक जोड पुरतो. पूर्ण ४२ किलोमीटरला मात्र चार-पाच महिन्यांच्या सरावात दुसरा जोड लागू शकतो. शिवाय पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, म्हणजे आणखी एका शर्यतीचा खर्च आलाच. पहिल्यांदा धावणाऱ्याने २१ किलोमीटरच निवडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. देणगीदार तुमचं अंतर मोजत नाहीत.

नोंदणीला दोन-तीन हजार धरा. चाळिशी ओलांडली असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी आणि त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्या. त्याचे दोन-तीन हजार होतात. इथे काटकसर नको. कपडे, मोजे दीड-दोन हजारांत बसतात. महागड्या एनर्जी जेलऐवजी खजूर, राजगिऱ्याची वडी आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी सरावात वापरून बघा. पोटाला मानवलं तर शर्यतीतही तेच घ्या. फिजिओथेरपिस्ट आणि किरकोळ खर्चासाठी दोन-तीन हजार बाजूला असू द्यात.

बाहेरगावच्या माणसाला प्रवास आणि मुक्काम जड जातो. बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, शर्यतीआधीच ताब्यात घ्यावा लागतो आणि धावायचं असतं भल्या पहाटे. त्यामुळे दोन रात्री मुंबईत काढाव्या लागतात. नातेवाइकांकडे सोय नसेल तर पाच ते आठ हजार जातात. सगळं मिळून १८ ते २८ हजार. एवढ्या खर्चात तीस हजारच गोळा होणार असतील, तर मुंबईचा हट्ट सोडा. साताऱ्याचा धावपटू यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावूनही आपल्या संस्थेसाठी पैसे मागू शकतो. वाचलेले पाच ते आठ हजार स्वतःची पहिली देणगी म्हणून द्या. ज्याने आधी स्वतः दिले आहेत, त्याच्या शब्दाला लोक मान देतात.

मुंबईची सामान्य नोंदणी संपल्यावर संस्थांमार्फत काही जागा मिळतात, पण त्यासाठी जास्त रक्कम भरावी लागते किंवा ठरावीक निधी जमवायचं वचन द्यावं लागतं. सही करण्याआधी विचारा : यातले किती रुपये प्रत्यक्ष संस्थेला जातात? लक्ष्य गाठलं नाही, तर उरलेली रक्कम कुणी भरायची? ऑनलाइन देणगी घेणारं संकेतस्थळ किती टक्के कापतं? उत्तरं लेखी घ्या.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर कधीही घेऊ नका. देणगी थेट संस्थेच्या खात्यात गेली, तरच देणाऱ्याच्या नावाची पावती निघते. संस्थेकडे ८०-जीची मान्यता असेल, तर देणगीदाराला बहुतेक वेळा निम्म्या रकमेची करवजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. त्यासाठी पॅन क्रमांक लागतो, दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलतच नाही. सवलतीचं आमिष दाखवून पैसे मागण्यापेक्षा संस्था त्या पैशांतून काय करते, ते नीट सांगा.

अमेरिकेतला चुलतभाऊ मदत करतो म्हणाला, तर आधी त्याचं नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर नेहमीच्या बँक मार्गाने त्याची देणगी चालते. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, संस्थेकडे परदेशी देणग्यांसाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जायला हवी. अशी नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेसाठी धावत असाल, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.