ई-पीक पाहणी आणि शेतकऱ्याची सोय

सुधारित वाणाची शिफारस करण्यापूर्वी त्याच्या चाचण्या निरनिराळ्या जमिनींत व हवामानांत घ्याव्या लागतात. प्रक्षेत्रावर उत्तम आलेले वाण कोरडवाहू रानात टिकेलच असे नाही. शासनाच्या मोबाईलवरील सेवांनाही हाच नियम लागू पडतो. कचेरीत सुरळीत चालणारे ॲप बांधावर अडू शकते. ते का अडते, हे बांधावर गेल्यावाचून समजत नाही.

ई-पीक पाहणीचे उदाहरण घेऊ. गाव नमुना १२ मधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः, उभ्या पिकाचे छायाचित्र घेऊन मोबाईलवर करावी, अशी व्यवस्था राज्यभर सुरू झाली. पीक विमा, नुकसानभरपाई व आधारभूत किमतीने होणारी खरेदी यांच्याशी या नोंदीचा संबंध येतो. नोंद राहून गेली, तर ऐन अडचणीच्या वेळी शेतकऱ्याचे नुकसान होण्याचा संभव असतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये ॲपची सुधारित आवृत्ती आली. तीत पुढील सोयी करण्यात आल्या :

१. चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करता येणे.
२. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकांची नोंद करता येणे.
३. छायाचित्र घेणारा गटापासून दूर असल्यास तशी सूचना मिळणे.
४. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने १० टक्के नोंदींचीच तपासणी करणे.

कापसात तुरीच्या ओळी घेणाऱ्या शेतकऱ्यास दुसऱ्या सोयीचे महत्त्व सांगावयास नको. शेतातील पीक व ॲपमधील रकाना यांचा मेळ बसला, तरच नोंद खरी होते.

हा मेळ आधी न पाहिल्यास काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसून आले. तेथे २०१५ साली शेती अनुदानाचे अर्ज नव्या संगणकीय पद्धतीने मागविण्यात आले. परंतु नकाशावर जमिनीच्या सीमा आखण्याचा भाग अतिशय मंद चालू लागला. अखेर मार्च महिन्यात कागदी अर्जांकडे वळावे लागले व मुदतही १५ मेवरून १५ जूनपर्यंत वाढवावी लागली.

यास्तव विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभीच गावात छोटी चाचणी घ्यावी. पाच-सहा शेतकरी निवडावेत. त्यांत वृद्ध, महिला, सामाईक खातेदार व जुना मोबाईल वापरणारे असावेत. मोबाईल त्यांच्याच हाती राहू द्यावा. आपण मध्येच बोट लावून वाट दाखवू नये. तसे केल्यास दोष झाकला जातो. बोट कोठे थांबले, कोणता शब्द कळला नाही व रेंज कोठे गेली, हे टिपून वरिष्ठांस कळवावे.

शेतकरी बंधु-भगिनींनी नोंदीसाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. ॲप अडल्यास तारीख, गट क्रमांक व पडद्यावर आलेला मजकूर लिहून ठेवावा. शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्रही घ्यावे व ते सर्व गावच्या महसूल किंवा कृषी कर्मचाऱ्यास दाखवावे. “ॲप चालत नाही” एवढ्याच तक्रारीवरून दुरुस्ती करणे कठीण जाते. नेमकी अडचण कळली, म्हणजे ती दूर करण्याचा मार्ग सापडतो आणि त्याचा लाभ शेजारच्या शेतकऱ्यासही होतो.