शाळेतला संगणक : ओपन लूप की क्लोज्ड लूप?

'शिक्षणात तंत्रज्ञान : शाप की वरदान' हा विषय गॅदरिंगच्या वक्तृत्व स्पर्धेत ठरलेलाच. एक जण सांगतो, संगणक आला की गुरुजींची गरज संपली. दुसरा सांगतो, खडू-फळ्याला पर्याय नाही. टाळ्या दोघांनाही पडतात. पण यंदा रा.से.यो.च्या निधीतून दत्तक गावच्या शाळेला प्रोजेक्टर द्यायचा की टॅब, यावर मेसमध्ये वाद सुरू झाला, आणि विषय वक्तृत्वाचा राहिला नाही. तो पैशाचा झाला, आणि त्या पोरांच्या एका अख्ख्या वर्षाचा. म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रांनो, कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण पहिल्याच प्रकरणात काय शिकतो? सिस्टिम दोन प्रकारच्या. रूममधला पंखा ओपन लूप. तुम्हाला घाम येतोय की थंडी वाजतेय, त्याला पत्ता नसतो. तो आपला फिरत राहतो. इस्त्री मात्र क्लोज्ड लूप. तळ तापला की थर्मोस्टॅट सप्लाय तोडतो, गार झाला की पुन्हा जोडतो. फरक एवढाच की इस्त्रीला आउटपुटची खबर मिळते आणि त्याप्रमाणे ती वागणं बदलते.

शाळेतल्या कुठल्याही यंत्राला मी हाच प्रश्न विचारतो. मुलाला काय कळलं, ही खबर परत येते का? आणि आल्यावर पुढचा धडा बदलतो का?

पंख्यासारखे प्रयोग

आपल्या देशाला हा विषय नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग झाला. 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीचे सुमारे तीन मीटर व्यासाचे अँटेना त्यासाठी बनवले होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. इंजिनिअर म्हणून आजही अभिमान वाटावा असे ते काम होते. २० सप्टेंबर २००४ रोजी 'इस्रो'ने खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' सोडला. त्यात दोन्ही बाजूंनी बोलायची सोय होती, म्हणजे परतीच्या वाटेची गरज तेव्हाच ओळखली गेली होती. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली आणि मोबाइल नसलेल्या घरांतही अभ्यास पोहोचला.

प्रसारणाचे मोल मोठे आहे, कारण ते लांबवर आणि स्वस्तात पोहोचते. पण समोरचं पोर पडद्याकडे बघत भलताच विचार करत असेल, तर दूरदर्शनला ते कळणार कसं?

बरं, नुसतं यंत्र हातात देऊन तरी भागतं का? पेरू देशात 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांत अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. एका मुलामागे संगणकाचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं. सुमारे पंधरा महिन्यांनंतर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक? काही नाही. हार्डवेअर पोहोचलं, पण लूप उघडाच राहिला.

६२ वजा ३८

शनिवारी आम्ही काही जण जवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला गणित शिकवायला जातो. तिथल्या वह्या पाहताना हा फीडबॅक म्हणजे काय ते मला नीट कळलं. गणित होतं ६२ वजा ३८. बरोबर उत्तर २४. एका मुलीने ३६ लिहिलं. तिच्या शेजारणीने ३४.

दोघींनाही चुकीची फुली मिळाली असती. पण आजार वेगळे आहेत. पहिली वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते : आठातून दोन गेले सहा, सहातून तीन गेले तीन. दुसरीला एक दशक सुटा करायचा असतो हे माहीत आहे, ती बारातून आठ बरोबर वजा करते. पण दशक कमी करायला विसरते. पहिलीला दशकाच्या काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायला हवा. दुसरीला फक्त 'सहाचे पाच झाले' हे लिहायची सवय हवी. प्रोजेक्टरवर दोघींना तोच व्हिडिओ दहादा दाखवला तरी यातलं काही होणार नाही.

गंमत म्हणजे प्रश्न निवडायलाही डोकं लागतं. त्याऐवजी ५२ वजा ३७ दिलं, तर दोन्ही चुकांचं उत्तर २५च येतं. म्हणजे सेन्सरच चुकीचा बसवला!

लूप बंद केला तर

दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना शाळेबाहेरच्या केंद्रात मोफत प्रवेश दिला. रोज दीड तास : अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकाबरोबर. आधी तपासलं तेव्हा सहावीतली सरासरी मुलं गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे निघाली. वर्गात सहावीचं पुस्तक चालू, मुलं चौथीच्याही अलीकडे! हा कार्यक्रम प्रत्येकाच्या उत्तरावरून त्याची पातळी ठरवायचा आणि तिथूनच गणितं द्यायचा. साडेचार महिन्यांत प्रवेश मिळालेल्यांचे गुण गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ स्टँडर्ड डेव्हिएशनने जास्त निघाले. गणितातला अर्थ सोप्या भाषेत सांगायचा तर शंभरात पन्नासावा असणारा मुलगा साधारण चौसष्ट जणांच्या पुढे गेला. यात संगणकाचा वाटा किती आणि शिक्षकाचा किती, हे त्या अभ्यासाने वेगळं केलेलं नाही. दोघे मिळून लूप पूर्ण झाला, एवढं नक्की.

आणि त्याला महागडं यंत्रच लागतं असंही नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात साध्या मोबाइलवर प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला फक्त एसएमएसने गणितं पाठवली, काहींना एसएमएस आणि वर शिक्षकाचा फोन. नुसत्या एसएमएसने विशेष काही झालं नाही. फोन गेला त्या घरांतल्या मुलांचं गणित सुधारलं. मेसेज ओपन लूप होता, फोनवर मूल उत्तर देत होतं.

मग शिबिरात काय करायचं?

माझ्या सूचना अशा :

१. पहिले दोन दिवस काहीही वाटू नका. प्रत्येक मुलाला वाचायला आणि वजाबाकी-भागाकार करायला लावून त्याची पातळी टिपा.

२. इयत्तेप्रमाणे नाही, पातळीप्रमाणे गट करा.

३. प्रत्येक मुलाला चार रंगांचे पुठ्ठे द्या. फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय : २४, ३६, ३४, १००. सगळ्यांनी एकदम पुठ्ठा वर करायचा. (१०० वाल्याने बेरीज केली!) दहा सेकंदांत अख्ख्या वर्गाचं रीडिंग मिळतं, लोड शेडिंगची भीती नाही.

४. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर मध्ये थांबवून प्रश्न विचारा.

५. टॅब घेतलेच तर आधी गुरुजी आणि बाईंना विचारा : कुठल्या मुलाचं काय चुकलं हे त्यावर दिसतं का, मराठीत दिसतं का, आणि नेट गेल्यावर चालतं का? तीनही उत्तरं 'हो' असतील तरच पावती फाडा.

जाता जाता आपल्यासाठीही थोडं. पेपरच्या आदल्या रात्री दुप्पट स्पीडने लेक्चरचे व्हिडिओ बघणं हासुद्धा ओपन लूपच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला, दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. तेव्हा व्हिडिओ बंद करा, कोरा कागद घ्या आणि डेरिव्हेशन लिहून बघा.

येत्या बैठकीत प्रोजेक्टरवर मत द्यायच्या आधी प्रत्येकाने एकदा त्या शाळेत जाऊन दहा वह्या तपासाव्यात, एवढीच विनंती. कशाची खरेदी करायची, हे त्या वह्याच सांगतील.